उरलेल्या सुताला नमुना नसतो

या पुस्तकात क्रोशाच्या पिशवीचा एकही तयार नमुना नाही. चौथ्या फेरीत किती खांब घालायचे, निळा कुठे संपवायचा आणि पिवळा कुठे सुरू करायचा, हे एकाही पानावर लिहिलेलं सापडणार नाही. पुस्तक हातात घेणारीला हे आधी कळलेलं बरं, म्हणून सुरुवातीलाच सांगते. नमुने न देण्यामागे कारण आहे आणि ही प्रस्तावना मुख्यतः त्या कारणाविषयी आहे.

नमुना लिहिणारी बाई काही गोष्टी गृहीत धरून चालते. करणारीकडे लागेल तेवढा दोरा आहे, तो सगळा एकाच जाडीचा आहे, संपला तर दुकानात आणखी मिळेल. उरलेल्या सुताच्या बाबतीत यातलं काहीच खरं नसतं. कुणाकडे बाळाच्या कुंचीतून राहिलेला फिकट पोपटी असेल, कुणाकडे तोरणातले राणी आणि केशरी, कुणाकडे टेबलक्लॉथमधला नुसता बिस्किटी, पण तो मात्र भरपूर. माझ्याकडचं तुमच्याकडे नाही आणि तुमच्याकडचं त्याच प्रमाणात दुसऱ्या कुणाकडेच नाही. मग नमुना लिहून द्यायचा तो कशाच्या जोरावर? वर्षानुवर्षं सुंदर क्रोशे करणाऱ्या बायका ‘नमुना समोर असला की सगळं येतं, मनानं काही सुचत नाही’ असं म्हणताना मी नेहमी ऐकते. उरलेल्या सुताची रंगीत पिशवी हे माझ्या मते त्यांच्यासाठीचंच काम आहे. इथे मनानं केल्यावाचून गत्यंतर नसतं. कोणता रंग, किती, कशाच्या शेजारी, हा प्रत्येक निर्णय करणारीचा असतो आणि तो तिच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

सूत उरतं ते आपल्या उधळेपणामुळे, असा एक समज घरोघरी असतो आणि बायकाही तो मान खाली घालून मान्य करतात. तो चुकीचा आहे. दोरा अख्ख्या गुंड्यानं मिळतो, कामाला लागेल तेवढाच मोजून कुणी देत नाही. शिवाय रंगाईचा प्रत्येक घाणा जरासा वेगळा उतरतो. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा क्रमांक छापतात तो त्यासाठीच. शेवटच्या चार फेऱ्यांना दोरा कमी पडला आणि पुन्हा दुकान गाठलं, तर तोच रंगक्रमांक सांगूनही मिळालेला डाळिंबी पहिल्या डाळिंबीशेजारी विटकरीकडे झुकलेला दिसू शकतो. म्हणून जाणती बाई पहिल्याच खेपेला एक गुंडा जास्त घेते. डब्यात साठलेलं सूत म्हणजे त्या जाणतेपणाची शिल्लक आहे. त्याच्याकडे तसंच पाहावं.

क्रोशाचा छापील नमुना तसा फार जुना नाही. आज ठाऊक असलेले सर्वांत जुने छापील नमुने ‘पेनेलोपे’ या डच मासिकात १८२३ साली आले. पुढे १८४०च्या दशकात मादमोझेल रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांची नमुन्यांची पुस्तकं इंग्लंडात निघू लागली आणि क्रोशे घराघरांत गेलं. नमुन्याचं हे मोठं ऋण आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. १८४५पासून आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला, तेव्हा कॉर्कच्या उर्सुलाइन जोगिणींनी शिकवलेलं क्रोशे कित्येक घरांना दोन घास मिळवून देत होतं. क्लोन्स या गावात धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७च्या सुमारास हेच काम उभं केलं. एका घरात गुलाब व्हायचे, दुसऱ्या घरात पानं, आणि तिसरीकडे ती बारीक जाळीवर जोडली जायची. त्या लेसचे जुने तुकडे पाहिले की एवढ्याशा सुईनं हे कसं साधलं असेल, याचा अचंबा वाटतो.

पण कामाची अशी वाटणी झाली की करणारीच्या हाती काय राहतं, हेही पाहायला हवं. त्यासाठी आयर्लंडपर्यंत जायला नको. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस तिथे नेली आणि पुढे तिचा मोठा निर्यात व्यवसाय झाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांवर लिहिलेलं पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झालं. फुलं करणारी वेगळी, ती जोडणारी वेगळी, माल विकणारा आणखी वेगळा. दिवसाचे कित्येक तास सुई चालवणाऱ्या त्या बायकांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. त्या ‘गृहिणी’ होत्या आणि लेस हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग समजला जायचा, त्यामुळे मजुरीही फावल्या वेळाचीच. हातात येणाऱ्या फुलाचं पुढे काय होणार, ते कुठल्या कापडावर बसणार, यात त्यांना काही म्हणायला जागा नव्हती. मीसबाईंचं पुस्तक मी शिवणकाम-विणकामाच्या पुस्तकांशेजारीच ठेवते, कारण टाका कसा घालायचा हे कळण्याइतकंच तो कुणी घातला आणि त्याचे काय पैसे मिळाले हे कळणं महत्त्वाचं आहे.

आपल्याकडे क्रोशाला वेगळं वळण मिळालं. ते रुखवतात मांडलं गेलं. ताटावरचे रुमाल, दाराचं तोरण, रेडिओवरचं आणि नंतर टीव्हीवरचं आच्छादन, परकराची लेस, बटवा. नमुना पुस्तकातून क्वचित यायचा. शेजारणीकडून रुमाल एका दिवसासाठी मागून आणायचा, खिडकीपाशी धरून खांब मोजायचे, आणि ‘उतरवून घेतला’ म्हणायचं. अशा उतरवून घेण्यात डोळा तयार व्हायचा. पण रुखवताच्या वस्तूंना एक अट असायची: सगळं एकरंगी किंवा फार तर दोन रंगांत, आणि संचात. सहा रुमाल तर सहाही सारखे. त्यामुळे उरलेल्या सुताला रुखवतात जागा नव्हती. ते डब्यातच राहिलं.

पूर्ण वेगळ्या वाटेनं गेलेलं क्रोशे पाहायचं असेल तर कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या ला ग्वाहिरा या रखरखीत द्वीपकल्पात जावं लागतं. तिथल्या वायू लोकांच्या खांद्यावर लटकणारी मोचीला ही पिशवी आता जगभर पोचली आहे. गोल बूड, उभी भिंत, तोंडाशी ओवलेली दोरी आणि रुंद पट्टा, असा तिचा घाट. वायू लोकांच्या कथेत विणण्याची विद्या वालेकेरू या कोळिणीनं दिली. मुलगी वयात आली की तिला काही काळ घरात वेगळं ठेवायचं आणि त्या काळात घरातल्या मोठ्या बायकांनी तिला विणायला शिकवायचं, अशी तिथली रीत. पिशवीवरच्या भौमितिक आकृत्यांना कानास म्हणतात. कासवाची पाठ, जनावरांचे माग, आकाशातले तारे अशा भोवतालच्या गोष्टींतून त्या आलेल्या आहेत. आकृत्या ठरलेल्या, पण रंगांची मांडणी विणणारीची. मोचीला हातात घेऊन आतून उलटी करून पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. एका फेरीत दोन रंग चालू असताना ज्या रंगाची पाळी नसते तो दोरा मोकळा लोंबत नाही. तो टाक्यांच्या पोटातून पुढे नेलेला असतो. त्यानं पिशवीची भिंत दुपदरी आणि ताठ होते, अस्तर लागत नाही. या पुस्तकातली निम्मी युक्ती मी तिथूनच घेतली आहे.

तर नमुना नाही, मग पुस्तकात आहे काय? सूत कोणतंही असलं तरी बदलत नाहीत असे थोडे नियम आहेत. त्यांतला पहिला आणि मला सर्वांत आवडणारा नियम बुडाचा. मुक्या खांबांचं गोल बूड सपाट बसायचं असेल तर प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवायचे, हे शिकवणारी प्रत्येक बाई सांगते. सहाच का, हे सहसा सांगत नाहीत. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या साधारण सव्वासहा पट असतो. मुका खांब जवळजवळ जितका रुंद तितकाच उंच. म्हणजे एक फेरी झाली की त्रिज्या एका टाक्यानं वाढते आणि परीघ सव्वासहा टाक्यांनी वाढायला हवा. सव्वा टाका घालता येत नाही, म्हणून सहा. खांब मुक्या खांबाच्या सुमारे दुप्पट उंच, म्हणून तिथे बारा. एकदा हे समजलं की दोरा जाड असो वा बारीक, बूड जमतं. ते वाटीसारखं वर उचलायला लागलं तर टाके कमी पडताहेत, कडेला झालर पडायला लागली तर जास्त होताहेत. वाढवलेले टाके दर फेरीत एकावर एक आले तर गोलाचा षट्कोन होतो, तो नको असेल तर जागा सरकवत राहायचं. आणि वाढवणं थांबवलं की भिंत आपोआप उभी राहते.

झालर पडलेल्या बुडाला वाया गेलेलं काम समजू नये. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या लातवियन गणितज्ञ दाइना ताइमिना यांनी १९९७ साली टाके मुद्दाम ठरावीक प्रमाणात वाढवत नेले आणि अपास्तीय पृष्ठभाग, म्हणजे जिथे शाळेतली सपाट भूमिती लागू पडत नाही असा पृष्ठभाग, क्रोशानं तयार केला. त्याआधी तो कागदी पट्ट्या चिकटवून करत आणि हाताळला की फाटत असे. क्रोशाचा तुकडा मात्र विद्यार्थ्यांना हातात घेऊन दुमडून पाहता येऊ लागला. सुई-दोऱ्यानं गणित शिकवता येतं याचा हा पुरावा मी शक्य तिथे सांगत असते.

दुसरा नियम सुताची जात ओळखण्याचा. डब्यातला प्रत्येक मऊ दोरा कापसाचा नसतो, आणि पट्टी तर केव्हाच हरवलेली असते. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली बशी ठेवून, काडी लावावी. कापूस कागदासारखा जळतो, कागद जळल्याचाच वास येतो आणि बोटानं चुरगळेल अशी मऊ राखाडी राख उरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि टोकाशी कडक काळा मणी बनतो. लोकर केस जळल्यासारखी वास मारते. पिशवीला कापूसच का, तर तो ओला झाल्यावर कमजोर होत नाही, उलट थोडा जास्त मजबूत होतो, धुतल्यावर स्वच्छ निघतो आणि वजन पेलतो. पण कापसातही दोन तऱ्हा आहेत. जॉन मर्सर या इंग्रज रंगरसायनतज्ज्ञानं १८४४मध्ये कॉस्टिक सोड्याचा कापसावरचा परिणाम हेरला, आणि पुढे १८९०च्या सुमारास होरेस लो यानं तीच प्रक्रिया सूत ताणून धरून केल्यावर त्याला रेशमासारखी चकाकी आली. हे चकाकणारं मर्सराइझ्ड सूत आणि साधं मंद सूत एकाच पिशवीत खुशाल चालतं, फक्त साधं सूत पहिल्या धुण्यात जास्त आटतं. म्हणून दोन्हींच्या सैल लड्या करून आधी भिजवून वाळवाव्यात. भिजवलेली लडी पांढऱ्या कापडावर दाबून ठेवली की रंग जातो का तेही कळतं. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, असं आपल्याकडे खात्रीनं सांगतात. मीठ रंगवताना उपयोगी पडतं, रंगलेल्या दोऱ्यातून सुटणारा रंग ते धरून ठेवत नाही. असा दोरा पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावा, नाहीतर पांढऱ्याशेजारी लावू नये.

जाडी जुळवण्याचं काम सोपं आहे. दोरा पेन्सिलीभोवती शेजारी शेजारी गुंडाळायचा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजायचं. ज्याचे वेढे साधारण दीडपट, तो दोन पदरी घ्यायचा. दोन पदर दोन रंगांचे घेतले तर टाक्याटाक्यात मिश्र छटा येते. मोरपिशी आणि पोपटी असे एकत्र धरून केलेली भिंत मला कुठल्याही एकरंगी भिंतीपेक्षा सुंदर वाटते.

रंगांविषयी मात्र नियम सांगायला मी कचरते, कारण तिथेच करणारीचं स्वतःचं काम सुरू होतं. एवढंच सांगते की आपल्याला रंगसंगती शिकायला लांब जायला नको. इरकलीकडे बघा. गडद चिंतामणी अंगाला डाळिंबी काठ, आणि मध्ये एखादी पिवळी रेघ. दोन भांडणारे रंग त्या बारीक रेघेनं एकमेकांशेजारी नांदतात. उरलेल्या सुतातही असा एक रंग निवडावा, जो सर्वांत जास्त आहे तो, आणि दर काही फेऱ्यांनी त्याची एक फेरी घालावी. माझ्याकडे बहुधा तो मळकट पांढरा असतो. मग अबोली, गुलबक्षी, शेवाळी, वांगी, कोणीही पाहुणा आला तरी पिशवी विस्कळीत दिसत नाही. अगदी छोटे तुकडे बुडाच्या मध्यभागी संपवावेत असं वाटतं, कारण तिथल्या फेऱ्या लहान असतात. हे बरोबर आहे, पण बूड जिथून वर वळतं ती कड सर्वांत जास्त घासली जाते. तिथे तुकडे जोडू नयेत, तिथे मजबूत आणि गडद सूत अखंड लावावं. कोणत्या रंगात किती फेऱ्या निघतील याचा अंदाज हवा असेल तर एक मीटर दोरा मोजून त्यात आपल्या हाताचे किती टाके बसतात ते बघावं आणि उसवून घ्यावं. दुसऱ्या कुणाच्या हाताचा आकडा इथे उपयोगाचा नाही.

रंग बदलण्याची जागा नवशिक्या हातात हमखास उघडी पडते. आधीच्या रंगाचा टाका पूर्ण करून मग नवा दोरा लावला, तर नव्या टाक्याच्या डोक्यावर जुन्या रंगाचा ठिपका बसतो. म्हणून जुन्या रंगाचा शेवटचा मुका खांब अर्धा ठेवायचा: सुईवर दोन फासे असताना थांबायचं, जुना दोरा मागे सोडायचा आणि त्या दोन फाशांतून नवा दोरा ओढून काढायचा. टाक्याचं अंग जुन्या रंगाचं, डोकं नव्या रंगाचं. पुढचा टाका त्या डोक्याखालून सुरू होतो आणि रंगांची सीमा काटेकोर येते. सुटलेली दोन्ही टोकं वीतभर लांब ठेवून पुढच्या टाक्यांच्या पोटात घ्यावीत. गाठ मारून कापू नये. चकाकणाऱ्या सुताची गाठ निसरडी असते, आणि कांद्यांच्या वजनाखाली नेमकी तीच सुटते.

वजनाचा विषय निघाला म्हणून बंदांविषयी. बहुतेक क्रोशाच्या पिशव्या बंदांनी हरतात. कापसाला लोकरीसारखं आक्रसून मूळ जागी येणं ठाऊक नाही, ताणला तो ताणलेलाच राहतो, आणि महिन्याभरात खांद्याची पिशवी गुडघ्यावर आपटायला लागते. बंद लांबीच्या दिशेनं, मुक्या खांबांच्या लांबच लांब ओळींनी करावा आणि प्रत्येक ओळीच्या पोटात एक न ताणणारी जाड दोरी चालवावी. रुंदी चार-पाच सेंटिमीटर असावी, म्हणजे खांद्यात रुतत नाही. आणि बंद पिशवीच्या तोंडाच्या फेरीला नुसता टाचू नये. चार-पाच फेऱ्या खालपासून चौकोनी शिवण घालून वर आणावा, म्हणजे भार एका ओळीवर न येता भिंतीवर वाटला जातो. हे एक प्रकरण मी पुस्तकात इतर कुठल्याही प्रकरणापेक्षा लांब ठेवलं आहे.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवी पुन्हा घराबाहेर पडली. शबनम खांद्याला लावणारे तर आधीपासून होतेच. क्रोशाच्या पिशवीला त्यांत आपली जागा आहे. जाळीदार विणीत मिरच्या आणि लिंबं निसटतात, घट्ट विणीत नाहीत. बाजाराच्या पिशवीला साधारण दोनशे ग्रॅम सूत लागतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी डबा तोलून पाहावा. आता विकतच्या पिशवीविषयी. दोन सुयांवरच्या विणकामाची यंत्रं आली, स्वेटर कारखान्यात निघू लागले. क्रोशाचा टाका मात्र अजूनही हातानंच घालावा लागतो. यंत्रावर क्रोशासारखी दिसणारी लेस निघते, तिची वीण वेगळी असते. त्यामुळे बाजारात क्रोशाची पिशवी फार स्वस्त दिसली, तर कुणाच्या तरी तासांचे पैसे चुकते झालेले नाहीत हे नक्की समजावं. तुम्ही स्वतः पिशव्या करून विकणार असाल तर सूत उरलेलं होतं म्हणून किंमत कमी सांगू नका. सूत उरलेलं होतं, तास उरलेले नव्हते.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण दुरुस्तीचं आहे. रोज वापरातली पिशवी बुडाच्या कडेला कधी ना कधी झिजणारच. क्रोशाची वीण एका टाक्याशी तुटली तरी दोन सुयांवरच्या विणकामासारखी खालपर्यंत ओघळत जात नाही, भोक बराच वेळ जागच्या जागी राहतं. त्याच्या चारी बाजूंचे धड टाके बारीक सुईवर उचलून तेवढाच तुकडा नव्यानं भरता येतो, आणि तो दुसऱ्या रंगात भरला तरी या पिशवीत कुणाला वेगळं वाटत नाही. कड पूर्णच गेली असेल तर तिच्यावरची फेरी कापून बूड अलग करावं, भिंतीच्या खालच्या फेरीचे टाके मोजावेत, दर फेरीत सहा टाके कमी करत मध्याकडे यावं आणि नवं बूड बंद करावं.